पाच रेघांऐवजी चार

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी काउंटीतल्या डिंगल द्वीपकल्पावर किल्मॉलकेडर नावाचं ठिकाण आहे. मेंढ्यांची कुरणं, विखुरलेली घरं आणि बाराव्या शतकातलं, छप्पर उडालेलं एक चर्च. चर्चच्या आवारात कबरींच्या गर्दीत एक उभा दगड आहे. जरासा कललेला, वरच्या टोकाशी आरपार भोक पाडलेला. दोन माणसांनी दोन बाजूंनी बोटं घालून या भोकात एकमेकांना टेकवली की सौदा पक्का, असं इथे सांगतात. स्टॅम्पपेपर नको, साक्षीदार नको.

बहुतेक पर्यटक बोटं घालून फोटो काढतात आणि पुढे जातात. दगडाच्या कडेकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. त्या कडेवर रेघा आहेत. काही एका बाजूला, काही दुसऱ्या बाजूला, काही आडव्या जाणाऱ्या. ही ओघम लिपी. आजचे आयरिश लोक तिचा उच्चार जवळजवळ ‘ओम’ असा करतात. आपल्या ॐशी तिचा काडीचाही संबंध नाही, फॉरवर्ड करणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.

ओघममध्ये दगडाची कड हीच लिहिण्याची ओळ. कडेच्या उजवीकडे एक ते पाच रेघा, डावीकडे एक ते पाच, कड ओलांडून तिरप्या एक ते पाच, आणि थेट कडेवर एक ते पाच खाचा. चार गुणिले पाच, झाली वीस अक्षरं. कडेवरच्या खाचा म्हणजे स्वर. वाचायचं खालून वर. असे सुमारे चारशे दगड आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये मिळून सापडले आहेत. बहुतेक चौथ्या ते सातव्या शतकातले, आणि सर्वांत जास्त याच केरी काउंटीत.

मजकूर मात्र अगदी रुक्ष. अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा, फलाण्या घराण्यातल्याचा. सगळं षष्ठी विभक्तीत. काय अमक्याचा? तर ‘हा दगड’, तो शब्द लिहायची गरजच नाही, दगड समोरच आहे. ‘मुलाचा’ यासाठी शब्द आहे ‘मक्वि’. एक तिरपी रेघ, एक खाच, डावीकडे पाच रेघा, मग पाच खाचा. आयरिश आणि स्कॉटिश आडनावांतला ‘मॅक’ तो हाच.

आता किल्मॉलकेडरचा दगड पुन्हा पाहू. तिथे ‘ब्रोकानचा मुलगा मेल इन्बिर याचं नाव’ अशा अर्थाचा मजकूर आहे, पण ‘मक्वि’च्या जागी ‘मकि’ कोरलंय. पाचऐवजी चार रेघा. कोरणाऱ्याचा हात चुकला, असं म्हणता आलं असतं. पण आयरिश भाषेत ‘क्व’ आणि ‘क’ हे दोन वेगळे आवाज पुढे एकच होऊन बसले. कोरणाऱ्याने जे ऐकलं ते लिहिलं. म्हणजे हा दगड ओघमच्या उत्तरार्धातला. तारीख कुठेही लिहिलेली नाही, ती एका न कोरलेल्या रेघेत आहे.

असंच दुसरं उदाहरण याच काउंटीत किलार्नीजवळ डन्लो इथलं. १८३८ मध्ये तिथल्याच कूलमागॉर्टला जमिनीखालचं एक भुयार सापडलं. मध्ययुगाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांनी साठवणीसाठी आणि लपण्यासाठी बांधलेलं. त्यासाठी त्यांनी बिनदिक्कत जुने ओघम दगड वापरले होते. पावसापासून लपल्यामुळे ते छान टिकले. त्यातल्या तीन दगडांवर एकाच घराण्याचं नाव आहे. दोघांवर शेवटी ‘इ’ आहे, ‘तोइकाकि’. तिसऱ्यावर नुसतं ‘तोइकाक’. शब्दाची शेपटी गळताना आपण इथे डोळ्यांनी बघतो. आपणही ‘राम’ लिहितो आणि ‘राम्’ म्हणतो, वाट तीच.

डन्लोच्याच आणखी एका दगडावर ‘कुनाकेना’ हे नाव आहे. त्यातलं ‘कुना’ म्हणजे शिकारी कुत्रा, आणि संस्कृतातला ‘श्वन्’ त्याचा सख्खा चुलतभाऊ. त्याची षष्ठी ‘शुनः’. शुनःशेपाची गोष्ट लहानपणी ऐकलेल्यांना हे नातं कळायला भाषाशास्त्राची पदवी लागू नये.

दगड असा वाचता येतो. पण तो दीड हजार वर्षं जागेवर राहिला कसा? इथे लोककथा येतात.

विक्लो काउंटीत ग्लेंडालॉक इथे ओढ्याकाठी वाटीसारखा खळगा असलेला एक दगड आहे. अशा खळग्यांच्या दगडांना ‘बुलॉन’ म्हणतात. धान्य कुटायला, औषधं घोटायला की आणखी कशाला, पुरातत्त्वज्ञांचं एकमत नाही. गोष्टीला मात्र शंका नाही: आई गेलेल्या तान्ह्या बाळासाठी संत केव्हिनच्या प्रार्थनेने एक हरिणी रोज येऊन या खळग्यात दूध सोडत असे. म्हणून तो ‘हरिणीचा दगड’. कॅव्हन काउंटीत ब्लॅकलायनजवळच्या बुलॉनची कथा उलट्या स्वभावाची. तिथे एका मोठ्या दगडावर अनेक खळगे आणि त्यात गोल गोटे. गोटा उलटा फिरवत कोणाचं नाव घेतलं की त्याला शाप लागतो. आपल्याकडच्या गधेगळाची, म्हणजे शाप कोरलेल्या जुन्या दगडाची, आठवण आल्याशिवाय राहत नाही.

या कथांमधून दगड मुळात कशासाठी होता हे कळत नाही. पण दुधाच्या किंवा शापाच्या दगडावर घण घालायला कोणी धजत नाही. मातीच्या गोल बांधांनी वेढलेली जुनी शेतवस्ती, ज्यांना ‘राथ’ किंवा ‘लिस’ म्हणतात, ती आयर्लंडमध्ये चाळीस हजारांहून जास्त ठिकाणी उरली आहे. ‘ती माणसं’ तिथे राहतात, या भीतीने पिढ्यान्‌पिढ्या कोणी नांगर घातला नाही. ती माणसं म्हणजे आयरिश पऱ्या, पण पंखवाल्या गोंडस पऱ्या नव्हेत. आपल्या देवराईच्या राखणदाराला पऱ्यांपेक्षा ती जास्त जवळची वाटतील.

अशा गोष्टींची भली मोठी नोंद मुलांनी केली आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगाने प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना कामाला लावलं. सुमारे ५,००० शाळांतली ५०,००० मुलं घरी आजी-आजोबांना विचारून वह्यांत लिहून आणत: विहिरी, औषधं, पुरलेला खजिना, शेतातला जुना दगड. सुमारे ७,४०,००० पानं जमली. ती डब्लिनच्या विद्यापीठात आहेत आणि आता कोणालाही संगणकावर वाचता येतात. गावात जाण्याआधी मी ही पानं उघडीन, मग जुना नकाशा, आणि मग बूट घालीन. नकाशात ‘क्लॉक’ म्हणजे दगड, ‘गालान’ म्हणजे उभा दगड, ‘किल’ म्हणजे चर्च. शेताचं नावच पुष्कळदा पत्ता सांगून जातं.

पण कथेत पाच हजार वर्षांची आठवण उरते का? बॉइन नदीकाठचा न्यूग्रेंजचा दगडी कबरडोंगर इसवीसनपूर्व ३२०० च्या सुमाराचा. प्रा. मायकेल ओ’केली तिथे उत्खनन करत असताना लोक त्यांना सांगत, आतल्या खोलीत कधीतरी सूर्य पोचतो. हे इंग्लंडमधल्या स्टोनहेंजशी गल्लत करतायत, असं त्यांना वाटायचं. तरी २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते एकटे आत जाऊन बसले. दारावरच्या झरोक्यातून किरण आला, १९ मीटर आत पोचला आणि सुमारे १७ मिनिटं थांबला.

त्याहून विलक्षण गोष्ट शेजारच्या डाउथ टेकाडाची. मध्ययुगीन कथेत राजा प्रजेकडून एका दिवसात मनोरा बांधून घेतो. दिवस संपू नये म्हणून त्याची बहीण मंत्राने सूर्य थांबवते. राजा बहिणीशीच संग करतो, मंत्र तुटतो, अंधार होतो, लोक काम टाकून जातात. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी न्यूग्रेंजमधल्या एका पुरुषाच्या कवटीतला डीएनए वाचला. त्याचे आईबाप सख्खे भाऊबहीण, नाहीतर पालक आणि अपत्य होते. बातम्यांत लगेच ‘राजवंश’ आणि ‘खरी ठरलेली दंतकथा’ आली. त्यावर इतर पुरातत्त्वज्ञांनी आक्षेपही घेतले. मलाही हे पचत नाही. एका हाडावरून राजवंश उभा राहत नाही, आणि कथा लिहिली गेली ती चार हजार वर्षांनी, मधल्या काळात भाषाच बदलली होती. सूर्याची आठवण त्या मानाने सोपी: जागा तीच, क्षितिज तेच, पुन्हा पुन्हा कोणालाही सुचू शकते.

अशा ठिकाणी खरी करामत उजेडाचीच असते. भर दुपारी झिजलेली खाच दिसत नाही, कारण तिची सावलीच पडत नाही. संध्याकाळी टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून तिरपा धरा, एकेक रेघ उठून येते. डब्लिनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीजच्या अभ्यासकांनी ओघम दगडांचं त्रिमितीय स्कॅनिंग केलं आहे, म्हणजे संगणकावर हवा तिथून टॉर्च मारता येतो. कडेवरच्या स्वरांच्या खाचा सर्वांत आधी झिजतात, तिथे याचा खरा उपयोग. रेघांत खडू भरण्याची जुनी सवय मात्र सोडायला हवी. एक तर दगड खराब होतो, आणि खडू तेवढंच दाखवतो जेवढं आपल्याला आधीच दिसलंय असं वाटतं.

मेयो काउंटीत बोहे इथे घरांच्या मागे एक खडक आहे. अडीचशेहून अधिक खळगे आणि वर्तुळं कोरलेला, बहुधा नवाश्मयुगातला किंवा त्यानंतरचा. लोकांनी त्याला ‘संत पॅट्रिकची खुर्ची’ म्हटलं. त्या नावात सूर्याचा पत्ता नाही. पण १८ एप्रिल आणि २४ ऑगस्टच्या सुमारास तिथून पाहिलं, तर मावळता सूर्य समोरच्या क्रोह पॅट्रिक डोंगराच्या माथ्यावर टेकतो आणि उत्तरेच्या उतारावरून घरंगळत खाली जातो. एका स्थानिक अभ्यासकाने हे गेल्या शतकाच्या अखेरीस लक्षात आणून दिलं. आता त्या दोन दिवशी लोक थर्मास घेऊन खडकापाशी जमतात आणि ढग हटायची वाट बघतात. अटलांटिकच्या काठावर ते हटतीलच असं नाही.