तांत्रिक खंड: आपल्याच पदासाठी पुन्हा अर्ज करण्यामागचा इतिहास

सरकारी आरोग्य योजनेतील एखाद्या कंत्राटी परिचारिकेची सेवेची फाईल उघडली, तर त्यात नेमणुकीचा एक आदेश नसतो, आदेशांची चळत असते. प्रत्येक आदेश सहसा अकरा महिन्यांचा, सोबत मुद्रांकावरील करारनामा आणि त्यात नियमित सेवेवर कोणताही हक्क सांगता येणार नाही, अशी अट. मुदत संपली की कार्यमुक्ती, त्यानंतर एखाद्या दिवसाची मोकळी जागा, आणि मग त्याच पदासाठी पुन्हा अर्ज. या मोकळ्या दिवसाला कार्यालयात ‘तांत्रिक खंड’ म्हणतात. हजेरीपटावर तो कोरा राहतो. लसीकरणाचे सत्र नेमके त्याच दिवशी आले, तर सिस्टरबाई कामावर येतात ते वेगळेच.

ही पद्धत अशा परिचारिका नेमणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कितीतरी आधीची आहे. हरियाणात शिक्षकांना शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला तदर्थ, म्हणजे तात्पुरते, म्हणून नेमायचे, उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी सेवा संपवायची आणि शाळा उघडल्यावर पुन्हा नेमायचे, असा क्रम चालत असे. सुटीचा पगार वाचवणाऱ्या या प्रकारावर सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये कडक ताशेरे ओढले. पुढे १९९२ मध्ये हरियाणाच्याच आणखी एका प्रकरणात न्यायालयाने असे तत्त्व घालून दिले की, तदर्थ कर्मचाऱ्याच्या जागी दुसरा तदर्थ कर्मचारी आणता येणार नाही. आणायचा तर रीतसर निवड झालेलाच आणावा.

अकराच महिने का, या प्रश्नाला बहुतेक आस्थापना लिपिक ‘वर्ष भरू द्यायचे नसते’ असे उत्तर देतात. कायद्याच्या कसोटीवर हे उत्तर फारसे टिकत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमानुसार बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की एक वर्षाची अखंड सेवा धरली जात असे व कामगारकपातीविरुद्ध संरक्षण मिळत असे, आणि अकरा महिन्यांत तेवढे दिवस सहज भरतात. प्रशासनाला खरे संरक्षण मिळाले ते १९८४ च्या दुरुस्तीने. कराराची मुदत संपल्यामुळे सेवा थांबली, तर ती कामगारकपात मानायची नाही, असे त्या दुरुस्तीने ठरवले. तेव्हापासून खंडापेक्षा करारनाम्याच्या कागदाला अधिक महत्त्व आले. खंड मात्र सवयीने चालूच राहिला.

या विषयाला निर्णायक वळण मिळाले ते १० एप्रिल २००६ रोजी. कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागातील रोजंदारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात, जे ‘उमादेवी निकाल’ म्हणून ओळखले जाते, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की, स्पर्धेतून न आलेल्या कर्मचाऱ्याला केवळ बरीच वर्षे काम केले म्हणून कायम करता येणार नाही, कारण तसे केल्यास सार्वजनिक नोकरीत समान संधी मागणाऱ्या बाहेरच्या उमेदवारावर अन्याय होतो. हा युक्तिवाद बिनतोड आहे, हे मान्यच करावे लागते. पण त्याच निकालात एक अपवादही होता: मंजूर पदावर, न्यायालयीन आदेशाच्या आधाराविना, दहा वर्षे किंवा अधिक काम केलेल्या पात्र व्यक्तींचा एकदाच विचार करून त्यांना नियमित करावे. प्रशासनाने नकार देताना निकालाचा पहिला भाग तोंडपाठ केला आणि दुसरा बाजूला ठेवला. ‘कायम व्हायचे असेल तर जाहिरात येईल तेव्हा अर्ज करा’ हे उत्तर तेव्हापासून सर्रास मिळू लागले, मग अर्जदार त्याच टेबलावर बारा वर्षे बसलेला असो.

महाराष्ट्रात मात्र एक वेगळी वाट उघडी होती. अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या राज्याच्या १९७१ च्या अधिनियमात, कायमपणाचे लाभ टाळण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे ‘बदली’ (दुसऱ्याच्या जागी घेतलेला कामगार), नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून राबवून घेणे हीच अनुचित प्रथा ठरवलेली आहे. वन विभागातील रोजंदारी मजुरांना सर्वोच्च न्यायालयात याच कलमाचा आधार मिळाला. पुढे एस. टी. महामंडळाच्या बस धुणाऱ्या कामगारांच्या वतीने कास्ट्राईब या कर्मचारी संघटनेने लढवलेल्या प्रकरणात २००९ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, उमादेवी निकालामुळे अशी प्रथा आढळल्यास कामगारांना कायम करण्याचे औद्योगिक न्यायालयांचे अधिकार संपलेले नाहीत. शासकीय तंत्रनिकेतनांतील कंत्राटी अधिव्याख्याते जाहिरात आणि निवड समितीमार्फत आलेले असूनही तांत्रिक खंडांच्या चक्रात अडकले होते. त्यांच्यापैकी तीन वर्षे सेवा झालेल्यांना २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नियमित करण्याचे आदेश दिले.

२० डिसेंबर २०२४ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांनी केंद्रीय जल आयोगातील सफाई व बागकाम करणाऱ्यांना नियमित करताना, उमादेवी निकालाचा ढालीसारखा वापर करणाऱ्या सरकारी संस्थांना फटकारले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने आरोग्य अभियानातील दहा वर्षे पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा, म्हणजे त्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा, निर्णय काढला होता. त्याची अंमलबजावणी व्हावी, या मागणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये हेच कर्मचारी संपावर गेले.