अस्वलाला उतारावर पळता येत नाही?

‘अस्वल मागे लागलं तर उताराच्या दिशेने पळा. त्याचे पुढचे पाय आखूड असतात, ते कोलमडतं.’ अलास्काला निघालेल्यांना हा सल्ला हमखास येतो. पाठवणाऱ्याला काळजीच असते, पण सल्ला धोक्याचा आहे.

आधी पाय पाहू. अलास्कातल्या कटमाई राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावरच्या तपकिरी अस्वलाचा बाजूने काढलेला कोणताही फोटो बघा. चार पायांवर उभं असताना त्याचा सर्वांत उंच भाग बहुधा खांद्यावरचं वशिंड असतो. ते स्नायूंचं असतं. खणताना पुढच्या पायांना जोर तिथूनच मिळतो. म्हणजे पुढची बाजू दुबळी नाहीच.

आता वेग. हे अस्वल थोड्या अंतरापुरतं ताशी ५० किलोमीटरच्या आसपास धावतं. जगातल्या सर्वांत वेगवान माणसाचाही कमाल वेग सपाट ट्रॅकवर ताशी ४५ किलोमीटरच्या आत आहे. आणि उतारावरून भरधाव येणाऱ्या अस्वलांची चित्रणं शोधली की लगेच सापडतात. एवढा एकच पुरावा खरं तर पुरेसा आहे.

पळण्याने आणखी एक घोटाळा होतो: पाठलागाची प्रवृत्ती जागी होते. एरवी ही अस्वलं जूनमध्ये दलदलीतलं गवत, ओहोटीला शिंपले आणि जुलै-ऑगस्टमध्ये सामन मासे खाण्यात गुंतलेली असतात, म्हणूनच त्यांना पाहता येतं. समोरासमोर आलंच तर थांबा, सगळे एकत्र उभे राहा, शांत आवाजात बोला. ते जवळ येत नसेल, तर पाठ न फिरवता हळूहळू मागे सरका.