वीज पडून लागलेली आग विझवायचीच असते का?

२०२५ च्या जुलैत ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावरचं जुनं लॉज जळून खाक झालं तेव्हा आमच्या ग्रुपवर एकच सूर होता. ४ जुलैला वीज पडून आग लागली, सुरुवातीला लहान होती, विमानं हेलिकॉप्टरं सगळं हाताशी, तरी तिथल्या उद्यानवाल्यांनी ती लगेच विझवायच्या ऐवजी हद्दीत ठेवायचं ठरवलं, मग वारा सुटला आणि संपलं, म्हणजे हे लोक झोपले होते का? राग येणं साहजिक आहे आणि त्या एका आगीबद्दलचा निर्णय चुकला असं म्हणायला जागाही आहे. पण 'आग दिसली की विझवायचीच' हे धोरण अमेरिकेने पन्नास-साठ वर्षं अगदी मनापासून राबवून पाहिलंय, आणि त्याचं बिल अजून फिटलेलं नाही.

त्याआधी वीज मुळात आग लावते कशी ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. विजेचा मुख्य झटका सुमारे तीस हजार अँपिअरचा, तापमान तीस हजार अंशांच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. वाटेल की एवढ्यात झाड पेटणारच. पण बरेचदा झाड फुटतं, सालीखालच्या रसाची वाफ होऊन सालीचा पट्टा वरपासून खालपर्यंत उडतो, आणि आग लागतच नाही! कारण हा झटका सेकंदाच्या काही लाखांश भागांत संपतो, मेणबत्तीच्या ज्योतीतून बोट झपकन फिरवल्यावर भाजत नाही तसं, उष्णता आत शिरायला वेळच मिळत नाही. आग लावते ती झटक्यामागून त्याच वाटेने वाहत राहणारी शे-काहीशे अँपिअरची 'किरकोळ' धारा. काही विजांमध्येच ती असते आणि टिकली तर सेकंदाचा विसावा भाग, कधी अर्धा सेकंदसुद्धा टिकते. ढगातून धन भार खाली आणणाऱ्या विजा एकूण विजांच्या दहा टक्क्यांच्या आसपासच, पण त्यांच्यात ही लांबलेली धारा जास्त सापडते, अर्थात ऋण विजा संख्येनेच इतक्या जास्त की त्यांच्यामुळेही भरपूर आगी लागतात. ही धारा खोडावरून उतरून बुंध्याशी जमिनीत जाते आणि तिथे असतो पाईनच्या सुयांचा अर्धवट कुजलेला थर. तो पेटत नाही, धुमसतो. ज्वाळा नाही, धूरही नावाला, तासाला काही सेंटिमीटर सरकत, असा तो कित्येक दिवस, कधी आठवडेसुद्धा राहतो, आणि मग एका कोरड्या वाऱ्याच्या दुपारी अचानक धुराचा खांब दिसतो. त्यात रॉकी पर्वतात उन्हाळ्यात ढगाचा तळ इतका उंच असतो की पाऊस जमिनीवर पोचायच्या आत हवेतच सुकून जातो, खाली येते ती नुसती वीज.

(वीज पायाळू माणसाला शोधत येते म्हणणाऱ्यांसाठी: ती कोणाच्या जन्माचा दाखला बघत नाही, उंच काय आहे आणि जवळ काय आहे एवढंच बघते. कड्याच्या टोकावरचं झाड पायाळू नसतं.)

आता ते बिल. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-मोंटानात दोन दिवसांत तीसेक लाख एकर जंगल जळालं, ऐंशीहून जास्त माणसं गेली, त्यातले बहुतेक आग विझवणारेच. हा धसका इतका खोल की १९३५ मध्ये वनखात्याने नियमच केला, आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. १९४० पासून तर पॅराशूटने माणसं उतरवायला लागले. नियम यशस्वी झाला हीच अडचण झाली. तिथल्या पाँडरोसा पाईन झाडाची साल जाड असते, दर काही वर्षांनी बुंध्याशी गवत-पाचोळा जळून गेला तरी झाडाला फार काही होत नाही. ती छोटी आगच बंद केल्यावर मोठ्या झाडांखाली बारक्या झाडांची गर्दी झाली, आणि आगीला जमिनीवरून शेंड्यापर्यंत चढायला शिडी तयार.

१९७२ मध्ये सेलवे-बिटररूट नावाच्या दुर्गम रानात, जिथे रस्ता नाही आणि मोटरची करवतही चालत नाही (१९६४ च्या कायद्याने बंदी), वनखात्याने पहिल्यांदा वीज पडून लागलेली आग मुद्दाम सोडली. ती काही फुटांचा तुकडा जाळून स्वतःच विझली! पुढच्या वर्षीची मात्र चांगली फोफावली आणि आखलेल्या हद्दीबाहेर गेली, तो भाग विझवावा लागला. साधारण त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत इलिल्युएट खोऱ्यातही वीज पडून लागलेल्या आगी जळू द्यायला सुरुवात झाली. तिथे सापडलेली गोष्ट मला फार आवडते. दोन आगींमधलं अंतर नऊ वर्षांपेक्षा कमी असेल आणि हवामान टोकाचं नसेल, तर नवी आग जुन्या जळलेल्या तुकड्यात सहसा शिरतच नाही, खायलाच काही उरलेलं नसतं. म्हणजे आगीच आगींना अडवतात. दाट जंगल सुमारे चौथ्या हिश्शाने कमी झालं, त्या जागी झुडपं आणि ओली कुरणं आली, जमिनीत ओलावा वाढला, कारण पाणी ओढणारी झाडं कमी.

मग 'सोडून देणं' म्हणजे हात बांधून बसणं का? नाही हो. आग कुठवर जाऊ द्यायची हे आधी नकाशावर ठरतं, कडा, नदी, उघडा खडक, पाच वर्षांपूर्वी जळलेला उतार, या झाल्या भिंती. रात्री इन्फ्रारेड कॅमेऱ्याचं विमान गरम जागा टिपतं, वाटा बंद करतात, जुन्या लाकडी झोपडीला ॲल्युमिनियमचं कापड गुंडाळतात. सकाळी दरीतल्या थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसून धूर कोंडलेला असतो तेव्हा आग अगदी गरीब दिसते, दुपारी ते झाकण उडालं की तीच उतारावर धावत सुटते, शिवाय पाईनचं पेटलेलं शंकूफळ गडगडत खाली येऊन खालचा उतार पेटवतं, आणि तिथून आग पुन्हा वर. एआय आलं की वणवे संपतील वगैरे बातम्या वाचताना हे शंकूफळ लक्षात ठेवा. आणि हे सगळं मानवतं ते लांबच्या रानात, शेजारी हॉटेल आणि वस्ती असेल तिथे हिशेब पार बदलतो.

हे वाचून कोणी म्हणेल, मग आमच्याकडे डोंगर पेटवतात तेही बरोबरच. अजिबात नाही. सह्याद्रीत वीज येते ती मुख्यतः वळवाच्या नाहीतर परतीच्या पावसात, सोबत पाणी घेऊन. फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळ कोरं असताना लागणारे वणवे जवळपास सगळे माणसाचेच, कुठे गवत चांगलं येतं या समजुतीने लावलेले, कुठे राब भाजताना सुटलेले, कुठे बिडी. तेही बऱ्याच ठिकाणी दरवर्षी त्याच उतारावर, मग रोपटं गुडघ्याएवढं होणार कधी? पहिल्या जोरदार पावसात माती धुपून खाली येते ती वेगळीच. इथे नजर ठेवत बसण्यासारखं काही नाही, थंडी सरायच्या आत जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) काढायच्या आणि धूर दिसला की हिरव्या फांद्या घेऊन झोडपायला निघायचं.