विडंबन की उपहास? आधी मार कोणाला बसतोय ते बघा

पावसाळ्यात घोडबंदर रोडवर खड्डे पडले की कोणीतरी गणपतीच्या आरतीच्या चालीवर खड्ड्यांची आरती रचतोच. ती सोसायटीच्या ग्रुपवर आली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, 'काय भारी विडंबन!' दुसरी, 'देवाची चेष्टा करताना लाज वाटत नाही?' घोळ दोघांचाही तोच: चाल आरतीची, म्हणजे मारही आरतीलाच, असं दोघंही धरून चालतात.

विडंबन म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. ओळखीच्या रचनेची चाल आणि लकबी उचलायच्या, आत भलताच मजकूर भरायचा. झालं.

अडतं ते पुढे. विडंबन ही युक्ती आहे, उपहास, म्हणजे हसत हसत कोणाचं तरी वैगुण्य उघडं पाडणं, हा हेतू. अतिशयोक्ती, उपरोध, विडंबन, यातलं काहीही उपहासाच्या कामी येतं. म्हणून चाल कोणाची हे नंतर बघा. आधी मार कोणाला बसतोय?

केशवकुमारांनी, म्हणजे अत्र्यांनी, 'झेंडूची फुले' या विडंबन कवितांच्या संग्रहात समकालीन कवींची कृत्रिम शब्दकळा उचलली आणि मारही त्याच कवितेला बसला. खड्ड्यांच्या आरतीत तसं होत नाही. आरतीचं एकही वैगुण्य त्यात दाखवलेलं नसतं. ज्याची लाज वाटायला हवी त्यालाच ओवाळलंय, हा सगळा डाव. झोंबतं ते रस्त्याचं काम करणाऱ्यांना. उलट आरती पवित्र मानल्याशिवाय हा विनोद उभाच राहत नाही! पण हे ग्रुपवर समजावायला जाऊ नका, तिथे तोवर राजीनामे सुरू झालेले असतात.

उपहासाला गाणं लागतंच असंही नाही. आयर्लंडमधल्या गरिबांची पोरं श्रीमंतांना खायला विकावीत, असा प्रस्ताव इंग्रजीतला उपहासकार जोनाथन स्विफ्टने १७२९ साली मांडला. १,२०,००० मुलांपैकी २०,००० पैदाशीसाठी राखावीत, हा हिशेबही दिला. इथे त्याने चाल उचलली ती लोकहिताचे सल्ले देणाऱ्यांच्या कोरड्या, सज्जन सुराची. शब्दशः वाचणाऱ्याला तो राक्षस वाटेल. मार मात्र बसतो गरिबाला आकडा समजणाऱ्यांना. आणि त्याने शेवटपर्यंत डोळा मिचकावला नाही. आपल्याकडे प्रत्येक ओळीखाली हसरे चेहरे चिकटवतात, त्याने उपरोधाची धारच जाते.

राहता राहिली निवृत्तीच्या समारंभात जुन्या गाण्याच्या चालीवर म्हटली जाणारी साहेबांची स्तुती. तिला लोक बिनदिक्कत विडंबनगीत म्हणतात. मूळ गाण्याला धक्का नाही, साहेबांना तर नाहीच नाही. ती नुसती उसनी चाल.