धोटा, व्होल्ट आणि फुकटच्या फ्रेम

"काका, सॉफ्टवेअरमधली एक पट्टी सरकवली की फुकटात फ्रेम वाढतात की!" म्हणत पुतण्याने लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवला. फ्रेम म्हणजे खेळ सेकंदाला पडद्यावर जेवढी चित्रं दाखवतो ती; चित्रं जास्त, तेवढा खेळ सफाईदार. चौदा इंची, उचलायला हलका, पण आत खेळांसाठीची वेगळी ग्राफिक्स चिप असलेला. कुठल्याशा रीलमध्ये एका पठ्ठ्याने ओव्हरक्लॉकिंग करून खेळाचा वेग दुप्पट केल्याचं त्याने पाहिलं होतं. दुप्पट! तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि हा लेख लिहायचं ठरलं.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे चिपचा ठोका कंपनीने ठरवून दिला त्याहून जलद करणं. दोन गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दोनशे कोटी ठोके. बहुतेक लॅपटॉपमधल्या मुख्य प्रोसेसरला कंपनीने आधीच कुलूप घातलेलं असतं, त्यामुळे सरकवायला हाती उरते ती ग्राफिक्स चिप. "जास्त ठोके म्हणजे जास्त उष्णता, एवढंच ना?" असं सगळे म्हणतात. एवढंच नाही. खरी गंमत व्होल्टमध्ये आहे.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे. इथे हे समजवायला फळा लागत नाही, यंत्रमाग पुरतो. मागावर ताण्याचे काही धागे वर जातात, काही खाली, आणि मधल्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन या पेटीतून त्या पेटीत पळतो. फणी तो धागा ठोकून बसवते, वरचे धागे खाली येतात, की पुन्हा धोटा. आता मोटरची पुली बदलून मागाच्या फेऱ्या वाढवल्या तर? फट उघडी राहण्याचा वेळ कमी होतो. धोटा पलीकडे पोचायच्या आत ती मिटली तर तो ताण्यात अडकतो आणि तुटलेले धागे जोडण्यात पुढचा सगळा वेळ जातो. म्हणून धोट्याला जास्त जोराने मारावं लागतं.

इथे शाळेतलं सूत्र आठवा: गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धोट्याचा वेग १० टक्के वाढवला तर प्रत्येक फेरीला २१ टक्के जास्त ऊर्जा. शिवाय फेऱ्याच १० टक्के जास्त. १.१ गुणिले १.१ गुणिले १.१ म्हणजे १.३३. कापड १० टक्के जास्त, खर्च ३३ टक्के जास्त! आणि ही ऊर्जा कापडात जात नाही. पलीकडच्या पेटीत धोटा थांबवावा लागतो, तिथे ती आवाज, उष्णता आणि झीज होऊन संपते.

चिपमध्ये तंतोतंत हेच घडतं. ट्रान्झिस्टर म्हणजे विद्युतभाराची इवलीशी टाकी. 'एक' लिहायचा तर ती ठरावीक पातळीपर्यंत भरायची, 'शून्य' लिहायचं तर रिकामी करायची. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी ओळच्या ओळ पुढच्या ठोक्याच्या आत पालटली पाहिजे. दोन गिगाहर्ट्झला त्यासाठी अर्धा नॅनोसेकंद मिळतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा १५ सेंटिमीटरच जातो! ठोका जलद केला की वेळ कमी, म्हणून टाकी लवकर भरायला दाब वाढवायचा, म्हणजे व्होल्ट वाढवायचे. आणि प्रत्येक भरण्याचा खर्च व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात. भरताना आणि रिकामी करताना मिळून तो सगळा उष्णतेत जातो. धोट्याचंच गणित, तोच १.३३. चिपमध्ये थोडी वीज नुसतीच गळत असते, ती धरली तर आकडे थोडे हलतात.

एक फरक मात्र आहे. धोटा पोचला नाही तर माग आपोआप थांबावा अशी सोय मागाला असते. चिपला बहुतेक ठिकाणी ती नाही. संकेत उशिरा पोचला तर 'एक'च्या जागी 'शून्य' वाचला जातो आणि काम पुढे चालू राहतं. नशीब चांगलं असेल तर खेळ बंद पडतो. नसेल तर सेव्ह केलेली फाइल बिघडते आणि ते महिन्याने कळतं.

मग रीलमधले ते दुप्पट? २०११ साली एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या एफएक्स मालिकेतल्या एका प्रोसेसरने ८.४२९ गिगाहर्ट्झचा विक्रम केला, त्यासाठी द्रव हेलियम वापरला होता. तो उकळतो उणे २६९ अंशांना. आपल्याकडे बोटभर जाडीचे दोन पंखे. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, म्हणजे हवा कोकणपट्टीपेक्षा अंदाजे सात टक्के विरळ. विरळ हवा उष्णताही कमी वाहून नेते. गरिबांचं महाबळेश्वर म्हणवणाऱ्या आपल्या थंडाव्याने त्याची भरपाई होते, एप्रिल-मे सोडून.

छोट्या लॅपटॉपची खरी भिंत वेगळीच असते. चिपने अमुक वॅटपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, अशी मर्यादा कंपनीने घातलेली असते. समजा ८० वॅट. तुम्ही १०६ वॅटचं काम मागितलं तर चिप गुपचूप ठोका मागे घेते. ठरवून दिलेल्या तापमानाला पोचली तरी तेच. पट्टी पुढे, फ्रेम जागेवर. प्रामाणिकपणे मिळाला तर फायदा पाच-दहा टक्के, म्हणजे साठच्या चौसष्ट-पासष्ट फ्रेम. तेवढ्यासाठी बॅटरी शेजारच्या उष्णतेने लवकर म्हातारी होते आणि चिपमधल्या तारांचे धातूचे अणू विजेच्या लोंढ्याने हळूहळू सरकतात. जेम्स ब्लॅक या अभियंत्याने १९६९ साली या सरकण्याचं सूत्र मांडलं. त्यात तापमान घातांकात बसलेलं आहे, म्हणजे थोडी उष्णता वाढली तरी आयुष्य बरंच घटतं.

म्हणून उलटं करा. ठोका तोच ठेवून व्होल्ट १० टक्के उतरवले तर खर्च ०.८१ पट होतो. वाचलेल्या वॅटमध्ये चिप आपणहून ठोका वाढवते. कारखान्यात सगळ्यात मंद चिपलाही पुरतील एवढे व्होल्ट सरसकट दिलेले असतात, त्यामुळे बहुतेक चिपमध्ये ही जागा असते. प्रोसेसरच्या बाबतीत ही वाट अनेक लॅपटॉपवर बंद झाली आहे. व्होल्ट मुद्दाम घटवून चिपमधली गुपितं फोडता येतात, हे २०१९ साली 'प्लंडरव्होल्ट' नावाने उघड झालं आणि इंटेलने कुलूप लावलं. ग्राफिक्स चिपवर मात्र व्होल्ट आणि ठोक्याची वक्ररेषा, म्हणजे किती व्होल्टला किती ठोका ते सांगणारी रेघ, बहुधा अजून हलवता येते. २५-२५ मेगाहर्ट्झने सरका, दर वेळी अर्धा तास जड खेळ चालवा, आकडे वहीत लिहा. व्होल्ट वाढवू नका.

एवढं सांगून लॅपटॉप उलटा केला तर खाली हवेच्या जाळीवरच 'किरणोत्सर्ग शोषणारं' सोनेरी स्टिकर! खंडेनवमीला मागाबरोबर लॅपटॉपचीही पूजा झाली, लिंबू ठेवलं, त्याला माझी हरकत नाही. लिंबू हवा अडवत नाही. हे स्टिकर कसलेही किरण शोषत नाही, हवा मात्र अडवतं.

ते खरवडलं आणि खालचं झाकण खोललं. पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये सुताच्या धुळीचा नमद्यासारखा पट्टा बसला होता, करंगळीच्या नखाएवढा जाड. घरातल्याच मागांचा. चिमट्याने तो अख्खा एका तुकड्यात निघाला. पुतण्याने तो खिडकीत ठेवून फोटो काढला आणि पट्टी शून्यावर ठेवूनच खेळायला बसला.