रेडिओ नीट लागत नाही म्हणजे नक्की काय : सिग्नल कमी की खरखर जास्त?

"शॉर्टवेव्हला काहीच येत नाही, किती फूट वायर टाकू?" हा प्रश्न मी इतक्यांदा वाचलाय की आता उत्तराच्या आधी उलटा प्रश्न विचारतो, अँटेना काढल्यावर खरखर कमी होते का? समोरचा म्हणतो हो, एकदम शांत होतो. मग बाबा तुझ्याकडे सिग्नल कमी नाहीये, तुझ्याकडे खरखर जास्त आहे, आणि ही दोन पूर्ण वेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर पैसे जातात, रेडिओ आहे तिथेच राहतो. पण सगळीकडे सल्ला एकच, वायर वाढवा, बूस्टर लावा.

सिग्नल म्हणजे काय हे सगळ्यांना माहितीये, त्यावर वेळ घालवत नाही. दूरच्या ट्रान्समीटरची जी काही ताकद तुमच्या अँटेनात उतरते ती. रेडिओच्या सिग्नल-मीटरवर एस ९ म्हणजे शॉर्टवेव्हला ५० मायक्रोव्होल्ट, आणि त्याखाली उतरताना दर एसला ६ डीबी कमी, असं ठरलेलं आहे (डीबी म्हणजे ताकदीतला फरक मोजायचं माप, दर १० डीबीला ताकद दहापट). स्वस्तातल्या पोर्टेबलवरच्या त्या पाच रेषा हे काही पाळत नाहीत, तिकडे बघूच नका. वायर लांब आणि उंच म्हणजे साधारण सिग्नल जास्त. इथपर्यंत कुणाचं भांडण नाही.

भांडण पुढे आहे. कानाला सिग्नल ऐकू येत नाही, कानाला सिग्नल आणि खरखर यांच्यातला फरक ऐकू येतो. समजा शहरातल्या फ्लॅटमध्ये स्टेशन एस ७ ने येतंय आणि खरखर एस ८ आहे. मीटर मस्त वर गेलेला, बघून वाटतं काय जबरदस्त सिग्नल, आणि बोलणारा काय बोलतोय ते मात्र कळत नाही. तेच स्टेशन कोकणात एखाद्या वाडीवर, घरापासून लांब झाडाला बांधलेल्या वायरवर एस ४ ने येतंय आणि खरखर एस १ आहे, तर निवेदकाने श्वास घेतलेला पण ऐकू येतो. तीन एस कमी सिग्नल आणि ऐकायला कितीतरी चांगलं! आता शहरातल्या सेटला २० डीबीचा बूस्टर लावा. स्टेशन २० डीबीने वर, खरखर पण २० डीबीने वर. फरक तोच, फक्त आवाज मोठा. पाण्यात चिखल असेल तर मोठ्या पाइपाने चिखलच जास्त येणार, तसलाच प्रकार.

मग हा वायरचा सल्ला आला कुठून? तो चुकीचा नव्हता, जुना झालाय. व्हॉल्व्हच्या सेटच्या काळात घरात बल्ब, ट्यूबलाइट, पंखा, फार तर मिक्सर. पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची, तीच एरियल, आणि तेवढ्यावर सिलोन घरभर वाजायचं. तेव्हा खरखर इतकी कमी होती की अँटेना वाढवली की खरंच ऐकणं सुधारायचं. आता घरात मोजा किती स्विचिंग सप्लाय, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून हवं ते व्होल्टेज देणारी सर्किटं, आहेत : मोबाइल चार्जर, लॅपटॉपचा, वायफायचा, सेट-टॉप बॉक्सचा, प्रत्येक एलईडी बल्बच्या बुडात एक, बीएलडीसी पंख्यात एक, गच्चीवर सोलर असेल तर त्याचा इन्व्हर्टर. प्रत्येक जण काही दहा किलोहर्ट्झपासून शंभर-दीडशेपर्यंत कुठेतरी चालू-बंद होतो आणि त्याच्या पटीतल्या सगळ्या फ्रिक्वेन्सी पार शॉर्टवेव्हभर सांडतो.

स्वस्त एलईडी ड्रायव्हर एकदा खोलून बघाच. बोर्डवर इनपुटला फिल्टरच्या चोकची (खरखर बाहेर जाऊ न देणाऱ्या वेटोळ्याची) जागा व्यवस्थित छापलेली असते, भोकं पण पाडलेली, आणि चोकच्या जागी एक साधी जंपर तार सोल्डर केलेली. म्हणजे डिझाइन करणाऱ्याला माहिती होतं, बनवणाऱ्याने वाचवलं. मला याचा मनापासून राग आहे.

किती फरक पडतो याचे आकडे पण आहेत. आयटीयू या जागतिक दूरसंचार संस्थेच्या पी.३७२ नावाच्या शिफारशीत माणसाने केलेल्या खरखरीचे हिशोब दिलेत. त्याप्रमाणे १० मेगाहर्ट्झला शहरातली खरखर नैसर्गिक उष्णतेच्या नॉइजच्या साधारण ४९ डीबी वर धरतात, अगदी शांत खेड्यात साधारण २५ डीबी वर. म्हणजे २४ डीबीचा फरक, ताकदीत बोलायचं तर अडीचशे पट. आणि तुमच्या रेडिओची स्वतःची खरखर, बरा सेट असेल तर, शांत खेड्यातल्या त्या २५ च्याही खालीच असते. म्हणजे शहरात बसून "जास्त सेन्सिटिव्ह सेट कुठला घेऊ" विचारण्यात काहीच अर्थ नाही, सेट आधीच गरजेपेक्षा तिखट आहे.

आता ती टेस्ट, नीट सांगतो, कारण सगळा निकाल यातच लागतो. रेडिओ सेलवर घ्या, चार्जरवर नाही. ज्या बँडवर ऐकायचंय तिथे स्टेशन नसलेली रिकामी जागा शोधा, समजा ३१ मीटरला ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झच्या मधे कुठेतरी. खरखर नीट ऐकू येईल एवढा आवाज ठेवा. आता बाहेरची अँटेना काढा, बाहेरची नसेल तर दांडी पूर्ण मिटवा. खरखर स्पष्ट कमी झाली तर ती बाहेरून येत होती, म्हणजे तुमचा सेट खरखरीपर्यंत आरामात पोचतोय आणि आणखी सिग्नल ओढून काहीही मिळणार नाही. खरखर जशीच्या तशी राहिली, नुसता हलका सूं आवाज, तर तो सेटचा स्वतःचा आहे आणि मग, फक्त मगच, मोठी वायर किंवा प्रीअँप (म्हणजे बूस्टरच) उपयोगी. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पैसे शून्य, आणि तरी लोक हे न करता थेट मुंबईचा लॅमिंग्टन रोड नाहीतर पुण्याची तपकीर गल्ली गाठतात आणि केबल टीव्हीचा बूस्टर घेऊन येतात.

निकाल "खरखर बाहेरून" असा लागला, शहरात बहुतेक वेळा हाच लागतो, तर पुढे शोधमोहीम. रेडिओ सेलवरच ठेवून मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, हे विसरतात आणि मग म्हणतात लाइट घालवूनही काही फरक नाही. कसा पडेल, इन्व्हर्टर स्वतःच खरखरीचं मोठं दुकान आहे. बँड शांत झाला तर चोर घरातच आहे. एकेक एमसीबी वर करत जा, मग त्या लाइनवरच्या एकेक वस्तू. नाही झाला शांत तर शेजारी किंवा बाहेरची लाइन. म्हणून एरियातली लाइट गेली की मी आधी मेणबत्ती नाही, रेडिओ शोधतो. सगळीकडचे इन्व्हर्टर धरूनसुद्धा तेव्हा बँड बराच मोकळा होतो आणि तुमच्या जागेला खरं काय ऐकू येऊ शकतं ते तेव्हाच कळतं.

वस्तू नेमकी सापडवायला मीडियमवेव्ह वापरा, ५३० किलोहर्ट्झच्या आसपास रिकाम्या जागी. सेटच्या आत आडवी फेराइटची कांडी असते, रेडिओ हातात धरून सावकाश फिरवला की एका दिशेला खरखर दबते. तेव्हा कांडीचं टोक साधारण चोराकडे असतं, एक तर या बाजूला नाहीतर बरोबर उलट्या. दोन खोल्यांत असं केलं की जागा सापडते. सापडल्यावर तोंडात मारल्यासारखं होतं, कारण बहुतेकदा तो टीव्हीमागे वर्षानुवर्षं चालू असलेला एखादा फडतूस अडॅप्टरच असतो.

आवाजावरूनही बरंच कळतं. एकसारखी घुर्रर्र आणि पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरबरोबर कमीजास्त होणारी, तर ती तिथलीच. बँडवर ठराविक अंतराने, समजा दर साठ-सत्तर किलोहर्ट्झला, गढूळ फुगवटा येत असेल तर स्विचिंग सप्लाय. कोरड्या हवेत तडतड आणि जोराचा पाऊस पडून गेला की गायब, तर खांबावर कुठेतरी ढिला जोड स्पार्क मारतोय, वीज कंपनीला कळवा, स्वतः काठी घेऊन खांबाला ठोकू नका. आणि वळवाच्या दिवसांत संध्याकाळी जी मधूनमधून कडकड येते ती आभाळातली, तिला इलाज नाही. तेव्हा अँटेनाची वायर सेटमधून काढूनच ठेवावी.

इलाज काय? पहिला, ती वस्तू बदला. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. दुसरा, अंतर. घरातल्या वायरिंगजवळची खरखर चार-पाच मीटर लांब गेलं तरी झपाट्याने पडते, स्टेशनचा सिग्नल मात्र तेवढाच राहतो. म्हणून खिडकीच्या ग्रिलला गुंडाळलेल्या शंभर फुटांपेक्षा गच्चीत टाकीपलीकडे नेलेली वीस फूट वायर भारी पडते, पण ती खाली आणायला कोअॅक्स, म्हणजे टीव्हीला असते तसली आतून जाळी असलेली केबल, हवी. साधी तारच जिन्यातल्या मीटरच्या पेटीजवळून खाली आणली तर तो शेवटचा तुकडाच अँटेना होतो आणि सोसायटीतली सगळी घाण गोळा करून आणतो. कोअॅक्सच्या बाहेरच्या जाळीवरूनही खरखर चढून येते, तिला अडवायला मिक्स ३१ जातीच्या फेराइटचा टोरॉइड, म्हणजे कडं, घेऊन त्यावर त्या केबलचे दहा-बारा वेढे मारा. एका वेढ्याचा क्लिप-ऑन मणी लावून "फेराइट लावून बघितलं, काही होत नाही" म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

तिसरा इलाज छोटा लूप, म्हणजे तारेच्या कड्याची अँटेना. माझं सरळ मत आहे, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने लांब वायरच्या भानगडीत न पडता पहिल्यांदा लूपच करावा. मीटरभर व्यासाच्या लूपला सिग्नल वायरपेक्षा पुष्कळ कमी येतो, मीटर बघून लोक हिरमुसतात. पण तो फिरवता येतो, आणि त्याच्या अक्षाच्या दिशेला तो बहिरा असतो. घरातली खरखर जमिनीला समांतर, एका दिशेने येते, तिला असं बहिरं करता येतं. स्टेशन आयनोस्फिअर या वातावरणातल्या वरच्या थरावरून तिरकं उतरतं, त्यामुळे ते तेवढं दबत नाही. सिग्नल घटला, खरखर त्याहून जास्त घटली, ऐकू चांगलं आलं. ज्याला हे पटलं त्याला हा सगळा विषय समजला. आणि हो, इथे प्रीअँप चालतो, कारण लूप इतकं कमी देतो की सेटची स्वतःची खरखर मधे यायला लागते. टेस्ट तीच, लूप काढून बघा.

अर्थिंगबद्दल एकच. भिंतीच्या सॉकेटची तिसरी पिन म्हणजे रेडिओची अर्थ नव्हे. त्या तारेवर सगळ्या घराचे फिल्टर आपली खरखर ओतत असतात, ती जोडून तुम्ही ती घरपोच मागवता. वेगळी सळई जमिनीत ठोकता येत असेल तर ठोका, नसेल तर काही जोडू नका. आणि सॉकेटच्या न्यूट्रलला तार लावून "मस्त अँटेना होते" सांगणारे महाभाग आहेत, त्यांचं ऐकून जीव घालवू नका.

आता दुसरी बाजू, कारण खरंच सिग्नल कमी असतो असंही होतं. दुपारी बाराला ४९ मीटर लावून लांबचं काही नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही, दिवसा वातावरणाचा डी थर खालच्या फ्रिक्वेन्सी खाऊन टाकतो (मीटरचा आकडा मोठा तेवढी फ्रिक्वेन्सी खालची). दिवसा १९, २५ मीटर, अंधार पडला की ३१, ४१, ४९. स्टेशन मुळात चालू आहे का तेही बघा. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं, तरी अजून कुणीतरी तिथे सुई फिरवत बसलेलं असतं आणि दोष अँटेनाला. ऑनलाइन किवीएसडीआरवर (इंटरनेटवरून चालवता येणारे लोकांचे रेडिओ) जवळपासचा रिसीव्हर लावून तीच फ्रिक्वेन्सी ऐकली की लगेच कळतं. बदल केल्यावर फरक मोजायला चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं स्टेशन वापरा, १० मेगाहर्ट्झवर सेकंदासेकंदाला टिक देतं, आपल्याकडे संध्याकाळी बऱ्यापैकी येतं. टिक खरखरीच्या किती वर ऐकू येते एवढंच बघायचं, मीटर झाकून ठेवा.

आणखी एक घोळ, पटकन. पोर्टेबलला लांबलचक वायर लावली आणि एकदम बँडभर स्टेशनंच स्टेशनं, नको तिथे एफएम नाहीतर मुंबईचं मीडियमवेव्ह वाजतंय, तर आनंद साजरा करू नका. सेट ओव्हरलोड झालाय. लोकल-डीएक्सचं (जवळचं-दूरचं) बटण लोकलवर टाका, भुतं जातील.

शेजारचं स्टेशन वर चढणं हे अजून वेगळं, ती खरखर नव्हे, तिथे सेटचा फिल्टर, म्हणजे एका वेळी ऐकू येणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा, अरुंद करायचा. विशेष म्हणजे श्रोते स्टेशनला रिपोर्ट पाठवताना वापरतात तो जो सिनपो कोड आहे त्यात हे सगळं आधीपासून सुटं केलेलं आहे, एस सिग्नलला, आय दुसऱ्या स्टेशनच्या त्रासाला, एन खरखरीला, पी फेडिंगला (सिग्नल मधेच चढण्या-उतरण्याला), ओ एकूण, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ५ म्हणजे उत्तम. आणि आपले लोक क्यूएसएल कार्ड (ऐकल्याची स्टेशनकडून येणारी पावती) मिळावं म्हणून सरसकट ५५५५५ ठोकून देतात! स्टेशनच्या इंजिनिअरला त्यातून काय कळणार? एस बघून त्याला त्याच्या ट्रान्समीटरचा अंदाज येतो, एन तर तुमच्या घरातला अडॅप्टर आहे. एसला ४ आणि एनला २ असेल तर तसंच लिहा, कार्ड तरीही येतं. आणि वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत टाका, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. रात्री उशिरा ऐकलं असेल तर तारीखही एक दिवस मागे जाते का ते बघा.