साने गुरुजींचे अमळनेर

जळगाव जिल्ह्यातील बोरी नदीकाठचे अमळनेर ही साने गुरुजींची कर्मभूमी. त्यांचे जन्मघर इथे नाही. ते कोकणात, दापोली तालुक्यातील पालगडला स्मारक म्हणून जपले आहे. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म तिथला, २४ डिसेंबर १८९९ चा. घराणे खोताचे, पण कर्जापायी गरिबी आलेली. आईने श्यामला कसे घडवले हे पालगडला कळते. त्या घडलेल्या मुलाने पुढे किती मुलांची आई व्हावे, हे मात्र अमळनेरला आल्याशिवाय उमगत नाही.

गुरुजी इथे आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये उभारलेल्या या संस्थेत त्यांचे मन फार काळ रमले नाही. १९२४ मध्ये ते खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रताप हायस्कूलमध्ये, शिक्षक झाले. लवकरच शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली आणि तेच त्यांचे घर झाले. मुले वर्गात गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, विस्कटलेली अंथरुणे घडी करून ठेवत, मळके कपडे धुऊन टाकत. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढत. यासाठी कुणाला रागावणे नाही, उपदेश नाही. आपली खोली कुणी आवरली हे कळल्यावर मुलेच शरमून कामाला लागत. ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी स्वतः लिहून काढत. रोजच्या रोज, हाताने! शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत या सहा वर्षांना मिळते त्याहून कितीतरी मोठी जागा मिळायला हवी.

१९३० मध्ये नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात उतरले. ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ साप्ताहिक निघाले ते पुन्हा अमळनेरातूनच. २०२४ चे ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले.

प्रताप हायस्कूल ही आजही भरणारी शाळा आहे. म्हणून येणाऱ्याने आधी कार्यालयात विचारावे आणि तासाच्या वेळी वर्गांजवळ गलका करू नये. खानदेशचे ऊन चैत्र-वैशाखात सोसवत नाही. हिवाळा बरा, त्यातही गुरुजींच्या जयंतीचे दिवस. भुसावळ-सुरत लोहमार्गावर अमळनेर स्थानक आहे.

हाती दिवस असेल तर तसेच पुढे धुळ्याला जावे. तिथल्या तुरुंगात १९३२ मध्ये, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि समोर बसलेले साने गुरुजी ते भराभर उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ आज वाचायला मिळतात ती त्या टिपणांमुळे.